काळडोंगर मंत्रशाळेची तपासणी

किसनराव उमाट्यांनी जादूची शाळा काढली, त्याला कारण झाली त्यांच्या मुलीची एक जांभई.

आता जांभईचं एवढं काय मनावर घ्यायचं, असं कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याने जरा किसनरावांच्या जागी बसून पाहावं. नलू आठव्या वर्गात होती तोवर रोज जेवणं आटोपली की बापाला गोष्ट सांगायला लावायची, आणि बाप घोटभर पाणी प्यायला थांबला तरी त्याचा सदरा ओढून "मंग काय झालं, बाबा?" म्हणून विचारायची. किसनरावांना जगात दुसरं कोणी असं विचारत नव्हतं. वर्ध्याच्या एका सरकारी कचेरीत ते आवक-जावकच्या टेबलावर बसत, आणि त्या टेबलावरून पुढे गेलेल्या कागदाचं मग काय झालं, हे विचारायची तिथे पद्धत नव्हती. घरी शोभाबाई विचारत, पण ते भाजी आणायचं काय झालं एवढ्यापुरतंच.

तर त्या वर्षी, म्हणजे सन एकोणऐंशीच्या दिवाळीच्या सुट्टीत, किसनरावांनी राजपुत्राची गोष्ट काढली. राजपुत्र घोड्यावर बसला, अरण्यात शिरला, वाघाने झेप घेतली, आणि नेमक्या त्याच वेळी नलूने तोंडावर हात न ठेवता जांभई दिली.

"काऊन व, झोप आली?" किसनरावांनी विचारलं.

"नाई. पण बाबा, राजपुत्राले काईच होत नाई. मले आधीच माहीत असते." एवढं बोलून नववीतली नलू उठली आणि मैत्रिणीकडे रेडिओ ऐकायला निघून गेली. वाघ बिचारा झेप घेतलेला तसाच अधांतरी राहिला.

किसनरावांना ते फार लागलं. पोरगी आता आपल्यापासून दूर चालली, याचं त्यांना खरोखरच दुःख झालं. पण असलं दुःख आवक-जावकच्या माणसाला बोलून दाखवता येत नाही, म्हणून त्यांनी दोष कथानकाला दिला. हल्लीच्या मुलांना धोका पाहिजे. राजपुत्राला खरंच काहीतरी होईल अशी भीती पाहिजे. आणि मुलांना सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते, तर शाळेची. झालं! दुसऱ्याच दिवशी कचेरीत, रद्द झालेल्या परिपत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर, काळडोंगर मंत्रशाळेचा पाया खोदला गेला.

शाळा जबरदस्त होती, यात वाद नाही. तिच्या जिन्याला उशिरा येणारी मुलं गिळायची सवय होती. ग्रंथालयातली पुस्तकं चावत. भोजनगृहात घटोदरी नावाची राक्षसीण वाढायला असे, आणि पानात उष्टं टाकणारा मुलगा दुसऱ्या दिवशी भाजीत सापडे. आवारात सापांची विहीर होती. वार्षिक परीक्षेत नापास होणारा जागच्या जागी दगड होई, आणि त्या दगडांचंच शाळेला कुंपण घातलेलं होतं. मुख्य आचार्यांचं नाव कालकूट. त्यांचं नाक, खरं सांगायचं तर, किसनरावांच्या कचेरीतल्या साहेबांचं होतं.

शोभाबाईंनी शिलाई मशीन न थांबवता सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ज्या शाळेत पोरं दगड होते, त्या शाळेत मायबाप पोरं धाडतेच काऊन?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. ज्या प्रश्नाला उत्तर नसे तो किसनरावांना अपमान वाटे.

"साहित्य हाये ते," ते म्हणाले.

"असन. पण घरात वाचू नका. भुताखेताचं घरात नाई पायजे मले."

असं साहित्याला घराबाहेर काढण्यात आलं आणि ते समोरच्या अनुसयाबाईंच्या ओसरीवर गेलं. वर्ध्याला लागून असलेल्या सिंदी मेघेच्या त्या गल्लीत सगळ्यात मोठा बल्ब अनुसयाबाईंकडे होता. कार्तिकाचा महिना. त्यांच्याकडे रोज दिवेलागणीनंतर पोथी असायची, बाया जमायच्या, आणि ऐकता ऐकता त्रिपुरी पौर्णिमेच्या वाती वळायच्या. नवीन कापूस घरोघर आलेला असल्यामुळे वातींना तोटा नव्हता. पण पोथी वाचणारे बुवा त्या आठवड्यात मुलीच्या सासरी पुलगावला गेलेले होते, म्हणून ओसरी, बल्ब आणि श्रोते रिकामेच होते. किसनरावांनी गल्लीतली पोरं गोळा केली, नलूला "फक्त एक दिवस येऊन पाह्य" म्हणून आणलं, आणि कागद घेऊन ते ओसरीवर चढले.

चूक झाली ती इथे. उजेड नीट चौरंगापाशी पडत होता म्हणून ते चौरंगापाशी बसले. अनुसयाबाईंनी सवयीने समई लावली आणि परिपत्रकांवर हळदकुंकू वाहिलं. म्हाताऱ्या माणसाचं मन कशाला मोडा, म्हणून किसनरावांनी कागदांना नमस्कार केला. त्या एका नमस्काराने काळडोंगर मंत्रशाळेची पोथी झाली, आणि हे तिथे बसलेल्या सगळ्यांना कळलं, फक्त किसनरावांना कळलं नाही.

पहिला अडथळा नावाचा आला. नायकाचं नाव त्यांनी वज्रकेतू ठेवलं होतं.

"केतू?" अनुसयाबाई म्हणाल्या. "अवो बाप्पा, केतू नाव ठेवते का कोनी पोराचं? आधीच लोकायच्या मागं साडेसाती. जयवंता म्हन."

वज्रकेतूचा जयवंता झाला. पुढे मात्र वाचन रंगलं. जयवंता जिन्यावरून निसटला, पुस्तकांच्या चाव्यातून वाचला, आणि शेवटी कपटी वर्गमित्राने त्याला सापांच्या विहिरीत ढकललं. एका हाताने मुळीला धरून तो लोंबकळत होता. खाली फुत्कार. मुळी कट्कट् वाजू लागली. "आणि ती मुळी..." किसनरावांनी कागद मिटले आणि नलूकडे पाहिलं. नलूचं तोंड उघडं होतं आणि ती जांभई नव्हती. किसनरावांच्या छातीत आनंद मावेना.

"पुढचं उद्या!" ते म्हणाले आणि उठू लागले.

कोणी जागचं हललं नाही.

"वाच ना," अनुसयाबाई म्हणाल्या.

"आज एवढंच, काकू."

"एवढंच कसं? पोरगं लटकून हाये ना!"

"लटकू द्या जी. त्यातच तर मजा हाये."

"मजा?" अनुसयाबाईंच्या हातातली वात थांबली. "किसन, संकटात मानूस ठेवून पोथी बांधत नाई. माह्या सासूनं सांगतलं, तिले तिच्या सासूनं सांगतलं. रामाले वनवासात धाडलं तरी कुठंतरी झाडाखाली नीट निजवाचं अन् मंग पोथी बांधाची. हे पोरगं रातभर लटकून राह्यलं त पाप कोनाच्या माथी?"

"पन मी पुढचं लिह्यलंच नाई!"

"मंग तोंडानं सांग. काढ त्याले भाईर."

किसनरावांनी आधारासाठी शोभाबाईंकडे पाहिलं. शोभाबाई वात वळत होत्या आणि त्यांचंही मत जयवंताला बाहेर काढावं असंच दिसलं. शेवटी मुळीचा दोर झाला, जयवंता वर आला.

"जेवला का तो?" अनुसयाबाईंनी विचारलं. जयवंताला जेवू घालावं लागलं. काय जेवला, तेही सांगावं लागलं. मग आरती झाली आणि कोपऱ्यावरचे दुकानदार मोतीलालजी यांनी फुटाणे आणि खडीसाखर वाटली. नलूचं तोंड तोवर मिटलं होतं.

पुढच्या दिवसांत किसनराव कचेरीत बसून एकाहून एक भयंकर संकटं रचत आणि संध्याकाळी ओसरीवर ती निस्तरत. घटोदरीने जयवंताला कढईत घातलं, की तिला स्वतःचं माहेर आठवून रडू कोसळे. जिना गिळायला लागला, की त्याला उचकी लागे. गल्लीतल्या प्रसादाची ख्याती शेजारच्या नालवाडीपर्यंत पोचली आणि तिकडूनही बाया येऊ लागल्या. श्रोते वाढले तशा सूचना वाढल्या.

मोतीलालजींनी प्रसाद चालू ठेवण्याच्या बोलीवर एक नम्र विनंती केली. "उमाटेजी, हे जादूवाले लोक सामान कुठून आणते? राळ, हिंग, लोबान, आपल्या दुकानात सब मिलते. थोडं नाव येऊ द्या ना कथेत." त्या संध्याकाळी आचार्य कालकूटांनी एक वटवाघूळ सिंदी मेघेला मोतीलालजींच्या दुकानी पाठवलं. वटवाघळाला माल चोख मिळाला.

पण खरा घाला घातला तो बबनरावांनी. बबनराव हे निवृत्त शिक्षण विस्तार अधिकारी. नोकरी सुटली होती, तपासणी सुटली नव्हती. लग्नाच्या पंगतीतही ते पोरांना पाढे विचारत. तीन संध्याकाळी ते खांबाला टेकून गप्प बसले आणि चौथ्या दिवशी त्यांनी हात वर केला.

"त्या विहिरीले कठडा हाये का?"

"बबनराव, सापाची विहीर हाये ते."

"सापाची असो का पान्याची. शाळेच्या आवारात विहीर म्हटली का कठडा पायजे. अन् वसतिगृह हाये म्हन्ता, मंग गृहपाल कुठं हाये? दगड झालेल्या पोरायची हजेरी कोन्या रकान्यात लावता?"

"ते काल्पनिक हाये जी!"

"मी अशा लय शाळा तपासल्या. साऱ्या कागदावर चांगल्या असते." बबनरावांनी मान हलवली आणि दुसऱ्या दिवशी सुवाच्य अक्षरात शाळा तपासणीचा शेरा लिहून किसनरावांच्या हातात ठेवला. इमारत धोकादायक, जिना बंद करावा, घटोदरीबाईंना ताकीद द्यावी. किसनराव हसले आणि त्यांनी शेरा घरी जाऊन रद्दीत टाकला. त्यांना त्या वेळी हसू आलं, याचं त्यांना पुढे फार आश्चर्य वाटे.

आणि गंमत अशी, की बाया आता बबनरावांच्या बाजूने झाल्या. विहिरीला कठडा बांधून घेईपर्यंत त्यांनी पुढे वाचू दिलं नाही. सातव्या-आठव्या संध्याकाळपर्यंत काळडोंगरावर कठडा झाला, जिना बंद झाला, चावऱ्या पुस्तकांना पुठ्ठे चढवले गेले आणि आचार्य कालकूट मुलांना सर्दी-पडशाचं विचारू लागले. नलू आधी पुढे बसायची, मग पायरीवर बसू लागली, मग आलीच नाही.

"काऊन आली नाई व?" किसनरावांनी घरी विचारलं.

"बाबा, तुमची शाळा आता आमच्या शाळेपेक्षा साधी झाली," नलू म्हणाली. "आमच्या इथं गनिताचे सर तरी हायेत."

हे मात्र किसनरावांना सहन झालं नाही. अपमान झालेला मनुष्य काय करील याचा नेम नसतो. त्या संध्याकाळी त्यांनी वार्षिक परीक्षा काढली, जयवंताचा जिवलग मित्र हिरामण याला एका गुणाने नापास केलं आणि त्याचा डोक्यापासून पायापर्यंत दगड करून टाकला. कुंपणात नेऊन बसवलासुद्धा. मग कोणाला काही कळायच्या आत कागद बगलेत मारले, चपला हातात घेतल्या आणि आरतीला न थांबता ते मागच्या बोळातून पसार झाले. ज्या नलूसाठी हे धाडस केलं ती तेवढं ऐकायलाही आलेली नव्हती.

सकाळी दारात बाया उभ्या. अनुसयाबाईंनी रात्रीपासून अन्नाला हात लावलेला नव्हता. कोणाचं दूध नासलं होतं, कोणाची म्हैस लाथा मारत होती, कोपऱ्यावरचा हातपंप आटला होता, आणि मोतीलालजींच्या तराजूची साखळी तुटून पासंग पायावर पडला होता. हातपंप उन्हाळ्यापासूनच कुरकुरत होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण उन्हाळ्यात कोणी दगड झालेलं नव्हतं.

"काढा त्याले दगडातून," शोभाबाई म्हणाल्या. "नाई त आज सैपाक नाई."

किसनरावांनी दाढीचा साबण अर्ध्या गालावर असतानाच, हातपंपाजवळ उभं राहून, मोठ्याने ओरडत हिरामणला उःशाप दिला. लांबच्या बायांना ऐकू आलं नाही म्हणून परत एकदा दिला. मग अनुसयाबाईंनी चहा घेतला. पंप आटलेलाच राहिला, पण त्याबद्दल कोणी बोललं नाही. किसनराव सायकल मारत कचेरीत पोचले तेव्हा त्यांना उशीर झाला होता आणि घशात काहीतरी घासत होतं.

टेबलापाशी एक शेतकरी उभा होता. धोतर, टोपी, बाजूला पत्र्याची पेटी, आणि पेटीवर दोन पोरी बसलेल्या.

"रामराम जी. मी चिंधूजी. हिंगनघाटाहून पुढं, नदीकाठचं गाव आमचं. इथं जादूची शाळा निंघाली म्हन्ते. जेवन-राह्यनं फुकट. ह्या दोघीले टाकाचं हाये."

किसनरावांचा घसा आणखी बसला. "कोनी सांगतलं तुमाले?"

"माही बहीन नालवाडीले दिली हाये. ते रोज जाते ना आयकाले. विहिरीले कठडा बी बांधला म्हने. आधी डर वाटे, आता काई डर नाई. लिहा नाव."

"ते शाळा नाई हो, ते गोष्ट हाये!"

"सारे हाफिसातले असंच म्हन्ते पयलं," चिंधूजी शांतपणे म्हणाले आणि पेटीवर पोरींच्या शेजारी बसले. "आमी थांबतो."

त्याच वेळी साहेबांनी आत बोलावलं. साहेब देशावरचे, नुकतेच बदलून आलेले, आणि नियमाला फार कडक. त्यांच्यापुढे एक कागद होता. अक्षर सुवाच्य होतं. बबनरावांनी तीस वर्षांच्या सवयीने शेऱ्याची एक प्रत वर शिक्षण खात्यात पाठवली होती आणि एक प्रत, संस्थाचालक त्या कचेरीत नोकर असल्यामुळे, माहितीस्तव इकडे दिली होती.

"उमाटे, तुम्ही निवासी शाळा चालवता?"

"नाई साहेब. ते शाळाच नाई."

"नाही? मग तपासणी कशाची झाली? इमारत धोकादायक असल्याचं इथे लिहिलंय. इमारतच नसती तर धोकादायक कशी असती?" साहेबांनी चष्मा काढला. "आणि बाहेर प्रवेशासाठी पालक बसलेत. शासकीय नोकराने परवानगीशिवाय संस्था चालवणं म्हणजे काय, ठाऊक आहे ना? नोकरी जाईल."

"साहेब, ते कल्पना हाये. माह्या मनातली."

"ठीक. तर मग अशी शाळा अस्तित्वात नाही, असा ग्रामपंचायतीचा दाखला आणा."

दुपारी किसनराव ग्रामसेवकापुढे उभे राहिले. ग्रामसेवकाने ऐकून घेतलं आणि हात जोडले. "भाऊ, जे हाये त्याचा दाखला मी देतो. घराचा देतो, बैलाचा देतो. जे नाई ते माह्या दप्तरातच नाई. मंग दप्तरात नसलेल्याचा दाखला मी कोन्या दप्तरातून देऊ?" यावर वाद घालता घालता किसनरावांचा आवाज आधी चिरका झाला, मग खरखरीत झाला आणि शेवटी पार गेला. दाखल्याशिवाय परत आलेल्या किसनरावांना साहेबांनी एकदा पाहिलं, त्यांच्या पुटपुटणाऱ्या ओठांना पाहिलं, आणि म्हणाले, "मी स्वतः येतो संध्याकाळी. समक्ष पाहणी करतो. शाळा दिसली तर उद्या नोटीस."

त्या संध्याकाळी अनुसयाबाईंच्या ओसरीवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. सिंदी मेघे होती, नालवाडी होती. चिंधूजी दोन्ही पोरींना घेऊन पहिल्या रांगेत होते, कारण शाळेचा वर्ग पाहिल्याशिवाय पोरींना ठेवायचं नाही, असा त्यांचा बेत होता. मधोमध, घडीच्या खुर्चीवर, साहेब. किसनराव चौरंगापाशी बसले, कागद उचलले आणि तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. घशातून फक्त हवा आली. साहेबांनी घड्याळ पाहिलं. बाया कुजबुजू लागल्या, कोणीतरी हसलं, आणि किसनरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. नोकरीचं तर होतंच, पण एवढ्या माणसांसमोर बोलायला उठावं आणि बोलता येऊ नये, यापेक्षा वाईट काही नसतं.

तेवढ्यात दाराशी उभी असलेली नलू माणसांतून वाट काढत पुढे आली. शोभाबाईंनी तिला आज ओढूनच आणलं होतं. तिने बापाच्या हातातले कागद घेतले, वरवर चाळले, आणि हळूच विचारलं, "पुढचं लिह्यलंच नाई?" किसनरावांनी मान हलवली. दिवसभरात त्यांना लिहायला सवड कुठे मिळाली होती?

नलूने कागद मांडीखाली घातले आणि ती चौरंगापाशी बसली. नमस्कार केला नाही.

"दुसऱ्या दिवशी काळडोंगरावर हजेरी होती," ती म्हणाली. "रोजची नाई. वर्षातून एक वेळा होते ते. आचार्य कालकूट ज्याचं नाव घेते त्यानं हजर म्हनाचं. तीनदा पुकारते. तिसऱ्यांदाही जो हजर म्हनला नाई, तो मरत नाई, दगड होत नाई. तो कधी नव्हताच, असं होते. त्याच्या मायले इचारलं, तुले पोरगं होतं का, त ते म्हन्ते, नाई बाप्पा, मले त लेकरूच नाई."

ओसरीवर वाती वळणारे हात थांबले.

नलूचा आवाज बारीक होता, आणि तो ऐकण्यासाठी लोक पुढे वाकले. तिने कठड्याचं नाव काढलं नाही. सांगितलं ते असं, की आदल्या रात्री जयवंता सापांच्या विहिरीजवळून जात होता, तर विहिरीतून त्याच्या मायचा आवाज आला. माय म्हणाली, बाबू, एक गाणं म्हण. त्याने म्हटलं. गाणं संपलं तेव्हा त्याचा आवाज विहिरीत राहिला होता आणि तो मुका झाला होता. आणि सकाळी हजेरी सुरू झाली. एकेक पोरगं हजर म्हणत होतं. हिरामण म्हणाला. मग कालकूटांनी जयवंताचं नाव घेतलं.

"एकदा," नलू म्हणाली. "जयवंतानं तोंड उघडलं. हवाच आली."

किसनरावांनी नकळत स्वतःचा गळा धरला.

"दुसऱ्यांदा पुकारलं. तिकडं गावात, त्याच्या मायनं चुलीपाशी सवयीनं दोन ताटं घेतली होती. तिनं एक ताट उचललं अन् पाहून राह्यली, का हे दुसरं ताट मी कोनासाठी घेतलं?"

"नोको व माय," चिंधूजी पुटपुटले आणि त्यांनी दोन्ही पोरींना जवळ ओढलं.

"कालकूट हसले. तिसऱ्यांदा नाव घ्याले त्यायनं तोंड उघडलं. जयवंतानं हिरामनकडं पाह्यलं. अन् हिरामन म्हने, हा कोन हाये?"

इथे नलू थांबली. तिने चौरंगावरची आरतीची घंटा उचलली आणि जोरात वाजवली.

"तास संपला," ती म्हणाली.

आणि इतके दिवस जे किसनरावांना साधलं नव्हतं ते झालं. ओसरीवरची सगळी पोरं, घंटा ऐकताच, सवयीने झटक्यात उठून उभी राहिली आणि चपला शोधू लागली.

"अवो, थांब व!" अनुसयाबाई ओरडल्या. "पोरगं तसंच ठेवून? काढ त्याले! संकटात पोथी..."

"आजी, पोथी नाई ते. शाळा हाये," नलू म्हणाली. "शाळेत घंटा झाली का धडा जिथं असन तिथं थांबते. उद्या या."

अनुसयाबाई कधी शाळेत गेलेल्या नव्हत्या. तिथला नियम काय, हे त्यांना सांगता येईना. त्यांनी बबनरावांकडे पाहिलं. बबनरावांनी डोळे पुसले, गंभीरपणे मान हलवली आणि म्हणाले, "बरोबर हाये. तास म्हन्जे तास." मग अनुसयाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठल्या. "उद्या जरा लवकर येजो, पोरी," त्या म्हणाल्या. त्या दिवशी आरती करायची राहून गेली.

किसनराव मात्र साहेबांकडे पाहत होते. घंटा वाजली होती. तास झाला होता. विद्यार्थी रांगेने बाहेर पडत होते आणि त्यांच्या पोटच्या पोरीने चारचौघांत जाहीर केलं होतं, की ही शाळा आहे. साहेब खुर्चीवरून उठले आणि त्यांच्याजवळ आले.

"उमाटे."

किसनरावांनी हात जोडले.

"नोटिशीचं आपण नंतर पाहू," साहेब खाली आवाजात म्हणाले. "ते पोरगं... म्हणजे, त्याला कोणीतरी ओळखतं ना शेवटी?"

किसनरावांनी दोन्ही हात पसरले आणि मान हलवली. साहेबांना वाटलं ते सांगत नाहीत. पण किसनरावांना खरंच माहीत नव्हतं. काळडोंगरावरचा दगडन्‌दगड त्यांनी रचलेला, आणि आता तिथे काय होणार हे त्यांना ठाऊक नव्हतं. साहेबांनी उद्या किती वाजता असतं तेवढं विचारून घेतलं आणि खुर्चीची घडी घालून ती स्वतःच भिंतीला लावून ठेवली.

गल्ली ओलांडायला किती वेळ लागतो? पण ती ओलांडताना किसनराव दोनदा थांबले. नलू पुढे चालली होती, आपल्याच विचारात, ओठ हलवत. उद्याचं रचत असावी. किसनरावांना एकदम भरून आलं, आणि ते भरून येणं फक्त पोरीच्या कौतुकाचं नव्हतं. त्यात त्या मुक्या पोराची काळजीही होती. काळजी खरी होती. त्या पोराला काहीही होऊ शकत होतं.

त्यांनी नलूचा परकर मागून ओढला. ती वळली. घशात होती नव्हती तेवढी हवा गोळा करून ते कुजबुजले, "तो... हजर म्हन्ते का व?"

नलूने बापाकडे पाहिलं. ती हसली नाही. धंद्यातल्या माणसाने त्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाकडे पाहावं तसं तिने पाहिलं.

"उद्या, बाबा," ती म्हणाली आणि आत गेली. त्या रात्री किसनरावांना भाकर गेली नाही.